वाण नाही, पण गुण लागला: जिवाणूंचे जनुकवाही कण प्रयोगशाळेत कसे ओळखायचे

फळ्यावर इंग्रजी यू अक्षराच्या आकाराची काचनळी काढली होती. एका बाजूला एक जिवाणू, दुसऱ्या बाजूला दुसरा, आणि तळाशी मधोमध गाळणी. गाळणीची छिद्रं इतकी बारीक की जिवाणू पलीकडे जाऊच शकत नाही. तरीही काही वेळाने उजवीकडच्या जिवाणूत डावीकडच्याचा गुण दिसू लागतो. बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यातून रोज रेल्वेने येणारी एक मुलगी हात वर करून म्हणाली, "मॅडम, मधी जाळी हाय न्हवं? मग ह्येचा गुण त्येला लागला कसा?"

हा प्रश्न १९५२ साली नॉर्टन झिंडर आणि जोशुआ लेडरबर्ग यांच्यासमोरही उभा राहिला होता. ते साल्मोनेला जिवाणूंवर काम करत होते. जिवाणू एकमेकांना जनुकं देतात हे लेडरबर्ग आणि टेटम यांनी १९४६ मध्येच दाखवलं होतं, त्यासाठी ते एकमेकांना चिकटावे लागतात हेही पुढे कळलं होतं, आणि साल्मोनेलातही तेच दिसेल अशी अपेक्षा होती. पण गाळणी आड आली तरी देवाणघेवाण थांबली नाही. डीएनए तोडणारं एन्झाइम घातलं, तरीही थांबली नाही. म्हणजे स्पर्श नव्हता आणि उघडा डीएनएही नव्हता. जे पलीकडे जात होतं ते गाळणीतून निसटण्याइतकं लहान होतं, आणि आतला डीएनए झाकून ठेवण्याइतकं पक्कं होतं. तो निघाला फेज, म्हणजे जिवाणूंना लागणारा विषाणू.

आपल्याकडे म्हणतात, ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला. जिवाणूंच्या स्ट्रेनला मी वर्गात 'वाण'च म्हणते. येळ्ळूर-वडगावच्या शिवारात भाताच्या जातीला वाण म्हणतात, त्यामुळे मुलांना वेगळं सांगावं लागत नाही. वाण तोच राहतो, गुण तेवढा नवा येतो. तो आला कुठून आणि कशात बसून, हे पुराव्यानिशी सांगता यावं यासाठी हा लेख आहे. बीएस्सी-एमएस्सीला मायक्रोबायॉलॉजी घेतलेल्या आणि दहावीपर्यंत मराठीत शिकलेल्या मुलांना समोर ठेवून तो लिहिला आहे. इंग्रजी पुस्तकात कृती मिळते, पण प्रत्येक पायरी कशासाठी हे तिथे फार आवरून लिहिलेलं असतं. पहिल्या दोन पायऱ्या शाळेतही करता येतील. पुढच्या पायऱ्यांना ऑटोक्लेव्ह, सेंट्रिफ्यूज आणि जबाबदार शिक्षक हवेतच.

गुण जायच्या वाटा

जिवाणू जनुकं तीन प्रकारे देतात-घेतात. एक, अंगाला अंग लावून. दुसरी, मेलेल्या पेशीचा सांडलेला उघडा डीएनए उचलून. ही वाट १९२८ मध्ये ग्रिफिथने न्यूमोनियाच्या जिवाणूत पाहिली, आणि ती वस्तू डीएनए आहे हे १९४४ मध्ये एव्हरी, मॅक्लिऑड आणि मॅकार्टी यांनी सिद्ध केलं. तिसरी वाट म्हणजे पेशीबाहेर सोडलेल्या कणांची.

कणही एका जातीचे नाहीत. पहिला, चुकीचा माल भरलेला फेज. फेज पेशीत शिरतो, स्वतःच्या प्रती काढतो आणि डोक्यात आपला डीएनए भरतो. भरताना क्वचित जिवाणूचाच तुकडा आत जातो. दुसरा, जनुकवाही कण. बॅरी मार्स यांनी १९७४ मध्ये रोडोबॅक्टर कॅप्सुलेटस या जांभळ्या जिवाणूत तो नोंदवला. दिसायला तो शेपटीवाल्या छोट्या फेजसारखा, पण त्याचा मालक जिवाणूच. तिसरा, पडद्याच्या पिशव्या. ग्राम-निगेटिव्ह जिवाणूंच्या बाहेरच्या पडद्याला फुगवटे येतात आणि ते सुटून २० ते २५० नॅनोमीटरच्या पिशव्या होतात. त्यांतल्या काहींत डीएनए असतो.

पायरी १: व्हरांड्यात सुतळी अंथरा

ही पायरी कुणी गाळू नये. पुढची अर्धी समजूत इथेच येते.

प्रमाण ठरवा: १ सेंटिमीटर सुतळी म्हणजे डीएनएच्या अक्षरांच्या १,००० जोड्या. ई. कोलाय के-१२ चा डीएनए साधारण ४६ लाख जोड्यांचा, म्हणून ४६ मीटर सुतळी. आमच्या व्हरांड्यात ती एका टोकाला जाऊन वळून परत येते. टोकं बांधून कडं करा, कारण हा डीएनए गोल असतो. प्रत्यक्षात त्याची लांबी दीड मिलिमीटर आणि तो राहतो दोन-अडीच मायक्रोमीटरच्या पेशीत. मुलांना सुतळी मुठीत कोंबायला सांगा, मग कळतं.

आता कड्यावर एक जागा शून्य धरा. तिथून साधारण ८० सेंटिमीटरवर लाल चिंधी बांधा. ही ल्युसीन, म्हणजे प्रथिनांचा एक घटक, तयार करणारी जनुकं. ३ मीटर ६५ सेंटिमीटरच्या आसपास निळी चिंधी बांधा. ही दुधातली साखर, लॅक्टोज, पचवणारी जनुकं. दोघांत अंतर आहे पावणेतीन मीटरहून थोडं जास्त. हे अंतर लक्षात ठेवा, सहाव्या पायरीत ते कामाला येणार आहे.

पी-१ नावाच्या फेजच्या डोक्यात साधारण १ लाख जोड्या मावतात, म्हणजे सुतळीचा १ मीटर. मीटरपट्टी लाल चिंधीवर ठेवा. निळी चिंधी तिच्यात कोणत्याही प्रकारे येत नाही. पट्टी पुढे-मागे सरकवून मुलांनी स्वतः खात्री करावी.

मग दुसरी सुतळी घ्या, ३७ मीटर. हा रोडोबॅक्टर. त्याच्या जनुकवाही कणात मावतात ४,००० जोड्या, फक्त ४ सेंटिमीटर. बोटाच्या दोन पेरांएवढी. कण तयार करणाऱ्या जनुकांचा मुख्य गठ्ठाच मात्र १४-१५ सेंटिमीटरचा असतो. आगपेटीच्या आकाराची डबी करून मुलांना सांगा, यात १५ सेंटिमीटरचा तुकडा न दुमडता बसवा. बसत नाही. म्हणजे हा कण स्वतःला तयार करण्याची पूर्ण कृती कधीच वाहून नेऊ शकत नाही. फेज स्वतःचा वंश वाढवतो. हा कण वाढवत नाही, तो जिवाणूच्या ३७ मीटरमधला कुठलाही ४ सेंटिमीटरचा तुकडा उचलतो आणि पोचवतो. पूर्ण सुतळी पोचवायला असे नऊशेच्या वर तुकडे लागतील.

हे कण बाहेर पडतात ते पेशी फुटूनच. वसाहतीतल्या तीन टक्क्यांहून कमी पेशी फुटतात आणि बाकीच्या जगतात. वाढ थांबत आली, खायला कमी पडू लागलं, शेजाऱ्यांची गर्दी झाली की हे घडतं. गर्दी झाल्याचं ते एकमेकांनी सोडलेल्या रेणूंवरून ओळखतात. घेणारी पेशीही कण पकडण्यासाठी अंगावर शर्करेचं वेष्टन तयार करते. म्हणजे देणारा आणि घेणारा दोघेही एकाच इशाऱ्यावर तयार होतात. वीस वर्षं शिकवूनही ही गोष्ट सांगताना माझा आवाज चढतो.

पायरी २: भाताच्या चिखलातला जांभळा जिवाणू

रोडोबॅक्टरचे भाऊबंद आपल्या शिवारात आहेत. पाणी तुंबलेल्या खाचरात हवा कमी आणि ऊन भरपूर, अगदी त्यांना हवं तसं. कण डोळ्यांना दिसणार नाहीत, पण ज्या कुळात ते पहिल्यांदा सापडले ते कूळ तरी दिसेल.

एक लिटरची पारदर्शक बाटली घ्या. भाताच्या वाफ्यातला खालचा काळा चिखल दोन-तीन मुठी, खडे-मुळं काढून. त्यात मूठभर फाडलेला वर्तमानपत्राचा कागद मिसळा, बाटलीच्या तिसऱ्या हिश्शापर्यंत भरा आणि वर त्याच वाफ्यातलं पाणी गळ्यापर्यंत ओता. बुच सैल लावा. आत वायू धरतो, त्यामुळे घट्ट बंद बाटली फुगते.

उजेडाबाबत एक चूक सर्रास होते. एलईडी दिव्यासमोर बाटली ठेवली तर हिरवं शेवाळ वर येतं आणि जांभळे मागे राहतात. हे जिवाणू डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश, ८०० ते ९०० नॅनोमीटरच्या पट्ट्यातला, वापरतात आणि घरातल्या एलईडीत तो जवळजवळ नसतो. जुना तारेचा पिवळा बल्ब हातभर अंतरावर लावा, किंवा बाटली उत्तरेच्या खिडकीत ठेवा. तीन ते सहा आठवड्यांत काचेला आतून तांबूस-किरमिजी डाग धरतात. माझ्या टेबलावरच्या बाटलीत पहिला डाग चिंचोक्याएवढा होता, चिखल आणि पाणी जिथे भेटतात त्या रेषेच्या जरा खाली. उघडल्यावर सडक्या अंड्याचा वास येतो, म्हणून ती उघड्या जागेत उघडा आणि हात साबणाने धुवा.

हा डाग नक्की कोणत्या जातीचा हे डोळ्यांनी सांगता येत नाही. वहीत 'जांभळे जिवाणू' एवढंच लिहा.

पायरी ३: वाण निवडणं

आता प्रत्यक्ष गुण हलवायचा. त्यासाठी पी-१ फेज आणि ई. कोलाय के-१२ चे दोन निरुपद्रवी वाण वापरायचे. अँटिबायोटिकला न जुमानण्याचा गुण निवडणं सोपं असतं आणि पुष्कळ कृतींत तोच असतो. पदवीच्या वर्गात मी तो वापरत नाही. खाण्याची गरज हीच खूण पुरते, आणि चुकून काही सांडलं तरी औषधाला दाद न देणारा जिवाणू आपण बाहेर सोडलेला नसतो.

देणारा वाण: सगळं स्वतः तयार करणारा, लॅक्टोज पचवणारा. एमजी-१६५५ चालतो. घेणारा वाण: ल्युसीन तयार न करू शकणारा आणि लॅक्टोजही न पचवणारा. त्यातला ल्युसीनचा दोष जनुकाचा तुकडाच गळालेला असा असेल तर उत्तम. एका अक्षराची चूक असेल तर ती आपोआप दुरुस्त होऊन फसव्या कॉलन्या येतात.

आणि घेणाऱ्यात आरईसी-ए नावाचं जनुक शाबूत हवं. आलेला तुकडा आपल्या डीएनएत सांधण्याचं काम त्याच्या प्रथिनाकडे असतं. ते नसेल तर तुकडा आत येतो, पण सांधला जात नाही. मी नवीन असताना एका कॉलेजात आम्ही पूर्ण सत्र हा प्रयोग केला आणि प्रत्येक वेळी प्लेटा कोऱ्या. फेज बदलला, कॅल्शियम बदललं, पाणीसुद्धा बदललं. फ्रीजरमधली घेणाऱ्याची कुपी डीएच-१० बी या वाणाची होती. ल्युसीन त्याला लागतंच, म्हणून कुणी निवडला असेल, पण क्लोनिंगसाठी तयार केलेल्या त्या वाणात आरईसी-ए मुद्दाम मोडलेलं असतं. मुलांची चार महिन्यांची मेहनत वाया गेली याचं मला आजही वाईट वाटतं. तेव्हापासून कुपीवरचं नाव वाचून थांबत नाही, वाणाची पूर्ण जनुकयादी मागवते.

वाण आणि फेज खात्रीच्या संग्रहातून किंवा संशोधन प्रयोगशाळेतून लेखी मागणी करूनच घ्या. चंदीगडची एमटीसीसी हा असा सरकारी संग्रह आहे.

पायरी ४: देणाऱ्यावर फेज वाढवणं

आदल्या संध्याकाळी देणारा वाण एलबी या पोषक द्रवात ३७ अंशांवर हलवत ठेवा. सकाळी त्यातले ५० मायक्रोलिटर ५ मिलिलिटर ताज्या एलबीत टाका. त्यात कॅल्शियम क्लोराइड ५ मिलीमोलर आणि ग्लुकोज ०.२ टक्के आधीच मिसळलेलं असावं. कॅल्शियमशिवाय पी-१ पेशीला चिकटत नाही. पाऊण तासाने फेजचं जुनं द्रावण १०० मायक्रोलिटर घाला आणि हलवत राहा.

पहिला तासभर काहीच होत नाही, नळी उलट जास्त गढूळ होते. मग एक ते तीन तासांच्या दरम्यान गढूळपणा उतरू लागतो. नळी उजेडासमोर धरून हळू फिरवा. आत फाटलेल्या दुधासारखे बारीक धागे तरंगताना दिसतात आणि पाणी निवळतं. ते धागे म्हणजे फुटलेल्या पेशींचं उरलंसुरलं. हा क्षण मुलांना दाखवायचा म्हणून मी डबा खाण्याची सुट्टी पुढे ढकलते.

आता क्लोरोफॉर्मचे ५० ते १०० मायक्रोलिटर घाला, पाच मिनिटं हलवा आणि दहा मिनिटं सेंट्रिफ्यूज करा. वरचं निवळ द्रावण दुसऱ्या नळीत काढून ४ अंशांवर ठेवा. त्याला लायसेट म्हणतात. क्लोरोफॉर्म काचेच्या किंवा पॉलिप्रॉपिलीनच्या नळीतच वापरा. पॉलिस्टायरीनची पारदर्शक नळी त्यात विरघळते, आणि काम सुरू असताना टेबलावर चिकट राडा होतो. काम धूरपेटीत करा आणि हातमोजे घाला.

क्लोरोफॉर्म कशासाठी? वाचलेला एखादा देणारा जिवाणू मारण्यासाठी. तो ल्युसीन स्वतः तयार करतो. लायसेटमधून एक जरी जिवंत गेला तरी पुढच्या प्लेटवर वाढेल, आणि आपण त्याला गुण लागलेला घेणारा समजून बसू.

या लायसेटमधले बहुतेक कण फेजचाच डीएनए घेऊन आहेत. जिवाणूचा तुकडा भरलेले हजारात तीनेक. त्यांतही ल्युसीनचा तुकडा नेमका असलेले फारच थोडे, म्हणून एका ठरावीक गुणासाठी लाख फेजमागे एखादी कॉलनी किंवा त्याहून कमी अशीच अपेक्षा ठेवा.

पायरी ५: घेणाऱ्याला देणं

घेणाऱ्याचं रात्रभर वाढवलेलं द्रावण १ मिलिलिटर घ्या, सेंट्रिफ्यूज करा आणि खालचा गाळ तेवढ्याच क्षारद्रावणात मिसळा. क्षारद्रावणात मॅग्नेशियम सल्फेट १० मिलीमोलर आणि कॅल्शियम क्लोराइड ५ मिलीमोलर. चार नळ्यांत १००-१०० मायक्रोलिटर पेशी वाटा. लायसेट अनुक्रमे ०, १, १० आणि १०० मायक्रोलिटर. ३७ अंशांवर अर्धा तास, न हलवता.

अर्धा तास झाला की प्रत्येक नळीत १ मोलर सोडियम सायट्रेट २०० मायक्रोलिटर घाला. सायट्रेट कॅल्शियमला धरून ठेवतं, त्यामुळे नवे फेज चिकटणं थांबतं. हे विसरलात तर जी पेशी गुण घेऊन बसली तिलाच दुसरा, खरा फेज येऊन मारतो.

पेशी सायट्रेट मिसळलेल्या क्षारद्रावणाने दोनदा धुवा. लायसेटमध्ये एलबी आहे आणि एलबीत ल्युसीन आहे. नीट धुतलं नाही तर प्लेटवर सगळीकडे धुकट साय धरते आणि कॉलनी मोजता येत नाही. मग ल्युसीन नसलेल्या, फक्त क्षार आणि ग्लुकोज असलेल्या एम-९ एगरवर पसरा. या एगरमध्ये सायट्रेट १० मिलीमोलर घाला, आणि घेणाऱ्याला दुसरं काही लागत असेल, समजा थायमीन, तर तेही. ३७ अंशांवर दीड ते दोन दिवस.

बेळगावच्या जुलै-ऑगस्टमध्ये हा प्रयोग करायचा तर प्लेटा आधी सुकवून घ्या आणि उलट्या ठेवा. दोन दिवसांत झाकणाला पाणी धरतं आणि ओघळ आला की वेगळ्या कॉलन्या एकमेकींत मिसळतात. आमच्या भिंतींना तेव्हा बुरशी असते, ती प्लेटवरही येते. शक्य असेल तर दिवाळीनंतर करा.

पायरी ६: तुलनेच्या प्लेटा आणि वाचन

खरा प्रयोग इथे आहे. कॉलनी आली म्हणून काही सिद्ध होत नाही. ती दुसऱ्या कशामुळे आलेली नाही हे दाखवावं लागतं. मी मुलांना एकेका संशयाचं नाव देऊन प्लेट लावायला सांगते.

घेणारा आपोआप सुधारला असेल का? फक्त घेणारा पसरा. प्लेट कोरी हवी. लायसेटमध्ये जिवंत देणारा असेल का? फक्त लायसेट पसरा. कोरी हवी. शिवाय लायसेटचा एक भाग ०.२२ मायक्रोमीटरच्या गाळणीतून काढून वापरा. वरचंच द्रावण घ्या, तळाचा क्लोरोफॉर्मचा थेंब गाळणीच्या पडद्याला खराब करतो. गाळलेल्यानेही कॉलन्या आल्या पाहिजेत, जरा कमी आल्या तरी चालेल.

उघड्या डीएनएचं काम असेल का? हा संशय इथे खरोखर रास्त आहे, कारण ई. कोलायला उघडा डीएनए घ्यायला लावण्यासाठी आपण एरवी कॅल्शियम क्लोराइडच वापरतो, आणि तेच इथे नळीत आहे. म्हणून लायसेटचा एक भाग डीएनए तोडणाऱ्या डीएनेझ एन्झाइमसोबत अर्धा तास ठेवा, मॅग्नेशियमसह. कॉलन्या तेवढ्याच आल्या, तर तुकडा झाकलेला होता. एन्झाइम काम करतंय हे दाखवायला त्याच वेळी शुद्ध डीएनएचा नमुनाही त्यात ठेवा आणि जेलवर तो नाहीसा झालेला दाखवा. हे केलं नाही तर 'एन्झाइमच खराब होतं' या शंकेला आपल्याकडे उत्तर नसतं.

कणाचं कवच मोडलं तर? लायसेट दहा मिनिटं उकळून वापरा. कोरी.

आणि सगळ्यांत महत्त्वाची, जी घाईत राहून जाते: फेज घेणाऱ्या वाणावरच वाढवा आणि ते लायसेट घेणाऱ्याला द्या. त्यात कणही आहेत, फेजही आहे, फक्त ल्युसीनचं शाबूत जनुक कुठेच नाही. प्लेट कोरी आली पाहिजे. गुण फेजचा नाही, देणाऱ्याचा आहे हे ही एकच प्लेट सांगते.

आता सुतळीवरच्या निळ्या चिंधीकडे या. आलेल्या कॉलन्या सायट्रेटच्या एम-९ वर दोनदा रेघोट्या ओढून स्वच्छ करा, म्हणजे फेज निघून जातो. मग त्या मॅकॉन्की एगरवर लावा, शेजारी देणारा आणि मूळ घेणारा. लॅक्टोज पचवणारा तिथे गुलाबी होतो, न पचवणारा फिकाच राहतो.

सुरुवातीला सांगितलेल्या मुलीच्या गटाने हे केलं तेव्हा मी मागे उभी होते. देणाऱ्याची रेघ गडद गुलाबी, कोकमाच्या सरबतासारखी. घेणाऱ्याची फिकी, तांदळाच्या कण्हेरीसारखी. आणि मध्ये तिने लावलेल्या बारा कॉलन्या, बाराच्या बारा फिक्या. त्या ल्युसीनशिवाय वाढत होत्या, पण लॅक्टोज पचवत नव्हत्या. ती थोडा वेळ गप्प होती, मग म्हणाली, "वाण त्येचाच ऱ्हायला की, मॅडम." पावणेतीन मीटर लांबचं जनुक एका मीटरच्या तुकड्यात येऊ शकत नाही. देणारा जिवाणू चुकून मिसळला असता तर कॉलनी गुलाबी झाली असती. लाल चिंधीला लागून असलेले गुण, उदाहरणार्थ ॲरॅबिनोज पचवण्याचा, मात्र पुष्कळदा ल्युसीनसोबत एकाच तुकड्यात येतात. जनुकं एकमेकांपासून किती लांब हे एकेकाळी असंच मोजलं जाई.

फोड दिसला नाही तर

कण फेज आहे की नाही हे तपासायला लायसेट दहा-दहा पटीने पातळ करत जा, प्रत्येकातलं थोडं देणाऱ्या पेशींत मिसळा, कॅल्शियम घातलेल्या मऊ एगरमध्ये (०.७ टक्के) प्लेटवर ओता. रात्रीत जिवाणूंची साय धरते आणि तिच्यात टाचणीच्या डोक्याएवढे पारदर्शक ठिपके पडतात. हे फोड. जिथे एक फेज उतरला तिथे तो वाढत गेला. डेअरीत विरजणाला फेज लागून दही लागत नाही, ते हेच.

रोडोबॅक्टरच्या जनुकवाही कणांनी फोड पडत नाहीत. गाळणीतून जातो, डीएनेझला दाद देत नाही, गुण पोचवतो, आणि फोड पाडत नाही: या चार गोष्टी एकत्र आल्या तर संशय तिकडे न्या. मग कणांतला डीएनए काढून जेलवर चालवा. कुठलाही तुकडा असला तरी सगळे एका मापाचे, ४,००० जोड्यांच्या आसपास, म्हणून एकच पट्टा दिसतो. पिशव्यांची ओळख वेगळी. आकार एकसारखा नसतो, भोवती प्रथिनांचं कवच नसून पडदा असतो, म्हणून साबणासारख्या डिटर्जंटने त्या उघडतात आणि मग डीएनेझ आतल्या डीएनएला पोचतं. ॲसिनेटोबॅक्टर बाउमानी या इस्पितळातल्या जिवाणूत कार्बापेनेम गटाच्या औषधाला निकामी करणारं जनुक अशा पिशव्यांतून गेल्याचं दाखवलं गेलं आहे.

काय आणायचं नाही

दरवर्षी कुणीतरी विचारतं, बळ्ळारी नाल्याचं पाणी आणू का? पावसाळ्यात तो शहापूर-वडगावच्या भातात शिरतो, त्यामुळे प्रश्न मुलांच्या घरचा आहे, आणि मला तो आवडतो. तरी उत्तर नाही असंच. शहराच्या सांडपाण्यात माणसाला आजारी पाडणारे जिवाणू, औषधांना न जुमानणारे जिवाणू आणि फेज एकाच ठिकाणी असतात. त्यांना समृद्ध द्रवात वाढवणं म्हणजे आपणच देणारा आणि घेणारा शेजारी बांधणं. इस्पितळातले नमुने, गोठ्यातल्या आजारी जनावराचं शेण, हेही तसंच.

या प्रश्नाचं घरी न्यायचं उत्तर वेगळं आहे. सिप्रोफ्लॉक्सासिनसारखी काही औषधं जिवाणूच्या डीएनएला इजा करतात. त्या धोक्याच्या इशाऱ्यावर जिवाणूत झोपलेले फेज जागे होतात, पेशी फोडून बाहेर पडतात आणि काही वेळा शेजारच्यांचे गुण इकडून तिकडे नेतात. म्हणून उरलेली गोळी म्हशीला देणं, अर्धा कोर्स घेऊन थांबणं, जुन्या चिठ्ठीवर औषध आणणं, हे आपापल्या घरात थांबवा. कोलिस्टिन हे माणसासाठी राखून ठेवायचं औषध आपल्या देशात खाद्यासाठी पाळलेल्या प्राण्यांत वापरायला २०१९ पासून बंदी आहे. कोंबडीच्या खाद्याचं पोतं आणताना त्यावरचं लेबल वाचा.

नोंदवही आणि शेवट

प्रयोग झाला की सगळ्या प्लेटा, नळ्या आणि पिपेटची टोकं १२१ अंशांवर २० मिनिटं ऑटोक्लेव्ह करा. क्लोरोफॉर्म असलेली नळी मात्र ऑटोक्लेव्हमध्ये कधीच घालू नका, तिची वाफ विषारी. तो वेगळ्या बाटलीत साठवा आणि विल्हेवाटीच्या नियमाप्रमाणे द्या. टेबल फेजसाठी पातळ ब्लीचने पुसा, कारण नुसत्या स्पिरिटने सगळे फेज जात नाहीत आणि पुढच्या वर्गाच्या साध्या ई. कोलायच्या नळ्या कारण नसताना निवळू लागतात.

नोंदवहीत पहिल्या पानावर मराठीत चार ओळी लिहून घ्या, इंग्रजी नंतर. कोणता गुण हलला. कोणाकडून कोणाकडे. कशात बसून. आणि कोणत्या कोऱ्या प्लेटेवरून हे म्हणता. चौथी ओळ रिकामी राहिली तर त्या आठवड्यात पुन्हा प्लेटा लावायच्या.